शालूबाईनं ज्वारी मागितली

राहीबाई लोंढे प्रार्थनेला बसली की वाडीतली कुत्रीसुद्धा गप्प होत, असं सांगणारी माणसं तासगावच्या पूर्वेला अजून भेटतात. कुत्र्यांचं सोडून द्या. त्या बाजूच्या उन्हात कुत्री गप्पच असतात. पण माणसं गप्प होत, हे खरं. ओढ्यापलीकडच्या बारा-चौदा ख्रिस्ती घरांत एवढा दबदबा पाळकसाहेबांचाही नव्हता. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सांगलीहून एस.टी.नं यायचे, उपदेश करायचे, जेवायचे आणि चारच्या गाडीनं परत जायचे. राहीबाई तिथंच राहत होती, आणि तिला दान मिळालेलं होतं.

दान मिळालं ते एकोणसत्तरच्या थंडीत. सांगलीला कृष्णेच्या काठावर मांडव घालून तीन दिवस सभा झाल्या, लांबून कुणी उपदेशक आला होता. वाडीची मंडळी ट्रकमध्ये बसून गेली. तिसऱ्या दिवशी गाणी चालू असताना राहीबाई उभ्या उभ्या थरथरली, गुडघ्यावर आली आणि तिच्या तोंडून भलतेच शब्द यायला लागले. मराठी नव्हते. शेजारी जत भागातली चार कानडी माणसं बसली होती, त्यांनी कान देऊन ऐकलं आणि कानडीही नाही म्हणून मान हलवली. मग उपदेशकानं जाहीर केलं की ही अन्य भाषा आहे, पवित्र आत्म्याचं कृपादान आहे. ट्रकमधून परत येताना बायकांनी राहीबाईला पुढं, ड्रायव्हरशेजारी बसवलं.

ही गोष्ट साधी वाटते, पण राहीबाईला आयुष्यात कुणी पुढं बसवलं नव्हतं. पलूसकडची ही पोर तेराव्या वर्षी लग्न होऊन वाडीत आली. मूल झालं नाही. ख्रिस्ती झालं म्हणून माणसं काही बदलत नाहीत. लग्नात हळद लावायला बायका एकमेकींना हाका मारत आणि राहीबाईला पाणी भरायला धाडत. वीस-बावीस वर्षं तिनं पाणी भरलं. आता दान मिळाल्यावर पहिली हाक तिला पडू लागली.

आणि दान खोटं नव्हतं, हे मला आधीच सांगून टाकायला हवं. भोंदूपणाची गोष्ट सांगायची असती तर माझं काम सोपं झालं असतं. राहीबाईनं डोक्यावर हात ठेवला की ताप उतरायचा. साताऱ्याहून एका रिटायर सुभेदाराची बायको आली होती, तीन वर्षं तिचं डोकं दुखत होतं. ती घरी पोचल्यावर पंधरा दिवसांनी तिचं कार्ड आलं की दुखणं गेलं. गावातली पाटलीणसुद्धा ओढा ओलांडून मागच्या वाटेनं आली, तोंडावर पदर घेऊन. सगळेच बरे होत असं नाही. पण पुष्कळ होत.

राहीबाईला हे आवडायला लागलं. कुणाला आवडणार नाही?

तिचा नवरा जोतिबा दोर वळायचा. घायपाताच्या पानांतला धागा, वाख, काढायचा, झाडाला टांगायचा आणि मागं मागं सरकत दिवसभर पीळ देत राहायचा. त्याला कसलंच दान नव्हतं. गाण्यात त्याचा सूर चुकायचा, तंबाखूपायी मंडळीचे पंच त्याला बोल लावायचे. पाळकसाहेबांनी एकदा त्याला प्रार्थनेला उभं केलं, तर "देवा, तू बगतोयसच की," एवढं म्हणून तो खाली बसला. लोक हसले. राहीबाईची मान खाली गेली. मात्र म्हाताऱ्या अंबूबाईचं पाणी रोज कोण आणतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि देवालाही ठाऊक असणार.

जोतिबाचा धाकटा भाऊ धुळा भिंतीपलीकडं राहायचा. मधली भिंत दोन्ही घरांना एकच. धुळ्याची बायको शालूबाई. जावाजावांचं आधी बरं चाललं होतं. एकीचं जातं, एकीचं उखळ, असं. एकाहत्तरच्या श्रावणात धुळ्याला कावीळ झाली आणि सगळं बिनसलं.

राहीबाईनं दिराच्या उशाशी तीन दिवस ठाण मांडलं. अन्नपाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या भरात तिनं धुळ्याचा हात हातात घेतला, तर मनगटाला काळा गंडा. शालूबाई आदल्या दिवशी डोंगरावरच्या एका देवऋषाकडं जाऊन आली होती. पोटुशी बाई, नवरा डोळ्यांदेखत पिवळा होत चाललेला, तिला जे सुचलं ते तिनं केलं. राहीबाईनं हात सोडला. चालू प्रार्थना तिथंच तोडून ती उठली आणि आपल्या घरी निघून गेली. धुळा दुसऱ्या दिवशी गेला.

तेव्हापासून राहीबाईचं एकच म्हणणं होतं, की गंड्यानं माझी प्रार्थना कापली. शालूबाईचंही एकच म्हणणं होतं, की तुम्ही उठून गेलात. पंचांनी राहीबाईच्या बाजूनं निकाल दिला आणि शालूबाईला सहा महिने प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. दिवाळीनंतर तिला मुलगी झाली, करुणा. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी राहत, जातं कुणाचं वाजतंय हे दोघींना ऐकू येई, आणि बोलणं बंद.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला.

त्या दुष्काळाचं वर्णन मी करत बसणार नाही. ज्यांनी रेशनवरच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी खाल्लीय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी खाल्ली नाही त्यांना ती चव शब्दांनी कळायची नाही. वाडीतली झाडून सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. पगार आठवड्यानं व्हायचा. खाडा झाला की तेवढी चूल बंद.

इथं मुठीच्या धान्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच फिरलं. मिशनच्या काळापासून या मंडळीत चाल होती. दळायला बसताना बाईनं पहिली मूठ देवाची म्हणून बाजूच्या गाडग्यात टाकायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळी गाडगी शाळेत यायची. रविवारी तीच शाळा देऊळ होत असे. तिथं कोपऱ्यात मोठा रांजण होता, त्यात ते धान्य पडायचं. सुगीच्या आभार-उपासनेला रांजण उघडायचा, अर्धं पाळकसाहेबांना आणि अर्धं गरजवंताला. गरिबातल्या गरीब बाईनंही मूठ चुकवलेली नव्हती. शालूबाई मंडळीबाहेर होती त्या सहा महिन्यांतसुद्धा तिचं गाडगं अंबूबाईच्या हातानं शाळेत जात होतं.

दुष्काळात पंचांपुढं प्रश्न आला, की रांजण आत्ताच उघडावा का. उघडावा, असंच बहुतेकांचं मत होतं. त्या रविवारी राहीबाई उपासनेत उभी राहिली. अन्य भाषेत बोलली आणि मग तिनंच अर्थ सांगितला. देव ही परीक्षा घेतोय. मुठीच्या धान्याला हात लावू नका. ते अर्पण तसंच राखलंत तर तो पाऊस देईल. बायका रडल्या. पंच 'आमेन' म्हणाले. उपासना संपल्यावर राहीबाईनं स्वतःच्या हातानं माती कालवून रांजणाचं तोंड लिंपून टाकलं. चार पायली इकडंतिकडं, पण गल्लीला महिनाभर पेज पुरेल एवढं धान्य त्यात होतं.

हा वेडेपणा होता असं आता म्हणणं सोपं आहे. पण ज्या बायकांनी वर्षभर मूठ मूठ बाजूला काढली होती त्यांना आपली मूठ देवापर्यंत पोचावी असं वाटणारच. आणि राहीबाई खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तिला तसं ऐकू आलं असणार. फक्त देवाचं बोलणं आणि आपल्या मनातलं बोलणं यांतली भिंतही कधीकधी एकच असते.

त्र्याहत्तरच्या मार्च महिन्यात शालूबाई आजारी पडली. ताप आणि जुलाब. पाच दिवस कामाला खाडा. भिंतीपलीकडून जात्याचा आवाज बंद झाला. पहिले दोन दिवस जोतिबा आपली अर्धी भाकरी कागदात गुंडाळून नेऊन देत होता, राहीबाईनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग त्याचं नाव लांबच्या पाझर तलावाच्या कामावर लागलं. पंधरा दिवस तिकडंच मुक्काम. निघताना बोचकं खांद्यावर टाकून तो दारात थांबला.

"शालूला बग," तो म्हणाला. "पोरगी अंगावर पिती हाय. परारथना मागनं कर. आदी भाकरी दे."

राहीबाईनं 'व्हय' म्हटलं. द्यायचं तिच्या मनातही होतं. घरात आठ-दहा भाकरींचा मिलो होता, अगदीच नड नव्हती. पण तिला वाटत होतं की शालूबाईनं आधी एक शब्द बोलावा. माझं चुकलं, एवढाच. दीड वर्ष ती त्या एका शब्दाची वाट बघत होती. देणारा हात तयार होता, पण त्याआधी कानाला तो शब्द हवा होता, आणि कानाचा हट्ट हाताच्या आड आला.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई स्वतःच आली. पोरीला कडेवर घेऊन, भिंतीला हात टेकत टेकत. त्या उंबऱ्यावर ती दीड वर्षांनी आली होती. डोळे आत गेलेले, अंग तापानं फणफणलेलं. राहीबाई उठून उभी राहिली. वाटलं, बोलेल आता.

"आक्का," शालूबाई म्हणाली, "मला वाईच ज्वारी द्या. तुमच्या घरातली न्हाई म्हनत मी. रांजनातली. माजीबी मूठ हाय त्यात."

राहीबाईला ते लागलं. तुमच्या घरातली नको, या शब्दांनी लागलं. आणि माझी मूठ, यानंही. ती म्हणाली की रांजणातलं धान्य देवाचं आहे, त्याला हात लावता येणार नाही. शालूबाई तशीच उभी राहिली. मग राहीबाई जराशी निवळून म्हणाली, बस, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते.

शालूबाई बसली. उभं राहवत नव्हतं म्हणून बसली.

तशी प्रार्थना राहीबाईनं आधी कधी केली नव्हती, नंतरही केली नाही. घायपात वाळत घातलेल्या अंगणात तिनं शालूबाईच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि तिचा आवाज चढत गेला. कामावर न गेलेली म्हातारीकोतारी गोळा झाली. अंबूबाई काठी टेकत आली. राहीबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं धुळ्याचं नाव घेतलं, पोरीचं नाव घेतलं, मग शब्द संपले आणि अन्य भाषा आली, ती किती वेळ चालली याचा कुणालाच पत्ता नाही. ऐकणारे सगळे रडले. कुणीतरी गाणं उचललं. राहीबाईला आपल्या तळव्यांतून काहीतरी वाहून गेल्याचं स्पष्ट जाणवलं. इतकं सुख तिला क्वचितच झालं असेल. आता ही पायाशी येईल, माझं चुकलं म्हणेल, मग हिला पोटाशी धरू आणि घरातला सगळा मिलो हिच्या पदरात घालू, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं होतं. ती नंतर शपथेवर सांगायची.

'आमेन' झालं. शालूबाईनं मान वर केली.

"झालं का?" तिनं विचारलं.

राहीबाईनं मान हलवली. शालूबाई पोरीला उचलून, भिंतीला धरत आपल्या घरी गेली. हात रिकामाच. आणि जमलेल्या एवढ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की बाई मागायला काय आली होती. सगळ्यांची तोंडं उजळलेली होती.

ताप उतरला. त्याच दुपारी उतरला. अंबूबाई अंगाला हात लावून आली आणि गल्लीभर सांगत सुटली की अंग गार पडलंय, जुलाबही थांबले. जुलाब थांबले, कारण पोटात काही नव्हतंच, असं नंतर एक डॉक्टर म्हणाला. पण ताप कसा उतरला हे त्यालाही सांगता आलं नाही. दान दान होतं.

ताप उतरला म्हणूनच शालूबाई दुसऱ्या दिवशी कामावर गेली. ताप असता तर पडून राहिली असती, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला तरी दया येऊन पेज मिळाली असती. पण अंग हलकं झालं, तिनं पोरीला पाठीशी बांधलं आणि दोन मैल चालत खडीवर जाऊन बसली. सुकडी, म्हणजे कामावर मिळणारं सरकारी खाणं, दुपारी वाटायचे. बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तिनं पोरीला त्यात टाकलं, हातोडी घेतली, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत ती खडीच्या ढिगावर कलंडली. मुकादमाला आधी वाटलं, झोपली. तिला उठवायला गेलेली बाई तशीच मागं सरली.

प्रेत बैलगाडीतून आणलं. पोरीला अंबूबाईनं मांडीवर घेतलं. राहीबाई दारात उभी राहिली. गाडी तिच्यासमोरून पुढं जाऊन भिंतीपलीकडच्या दारात थांबली.

जोतिबाला निरोप मिळून तो आला तोवर माती होऊन गेली होती. पाळकसाहेब सांगलीहून आले होते, त्यांनी थडग्यावर चांगलं भाषण केलं. जोतिबानं घरात आल्यावर बोचकं खाली ठेवलंच नाही. त्यानं अंबूबाईकडून सगळं ऐकलं होतं.

"ती काय मागाय आलती?" त्यानं विचारलं.

"ज्वारी," राहीबाई म्हणाली.

"आन् तू काय दिलंस?"

राहीबाईला अन्य भाषा येत होती, तीही त्या वेळी आली नाही.  तो ओरडला नाही, हात उगारला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो तसाच शाळेत गेला, दगडानं रांजणाचं लिंपलेलं तोंड फोडलं आणि घराघरात धान्य वाटलं. पंच आडवे आले, हे देवाचं आहे म्हणाले. तो म्हणाला, मग देवाला सांगा जोतिबानं खाल्लं. शेवटी तो भिंतीपलीकडच्या घरात शिरला, पोरीला अंबूबाईकडून घेतलं आणि तिथंच राहिला. पुढची सगळी वर्षं तिथंच.

जून महिन्यात पाऊस पडला. मंडळीतले लोक म्हणाले, राहीबाईचा संदेश खरा ठरला. रांजण फोडला तरी देवानं तिच्या प्रार्थनेसाठी क्षमा केली. हे ऐकून तिला ओकारी आली. खोटं नाही, ती खरंच परड्यात जाऊन ओकली.

एखाद्याला वाटेल, तिचं दान गेलं असेल. गेलं नाही. गेलं असतं तर तीच एक शिक्षा झाली असती आणि माणूस शिक्षा भोगून मोकळं तरी होतं. उलट, शालूबाईचा ताप एका प्रार्थनेत उतरला ही गोष्ट तासगाव, पलूस करत साताऱ्यापर्यंत गेली. मेली ती उन्हानं, ताप तर उतरलाच होता, असं लोक म्हणत. माणसं जास्तच येऊ लागली. राहीबाई नाही म्हणायची, तर माणसंच तिचे हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवून घ्यायची, आणि बरी व्हायची. राहीबाई आता येणाऱ्याला आधी जेवायला वाढायची. घरात असेल नसेल ते वाढायची. लोक म्हणायचे, बघा, दानाबरोबर किती नम्रता आहे.

पंचाहत्तर साली पाळकसाहेबांनी तिला साताऱ्याच्या मोठ्या सभेत साक्ष द्यायला नेलं. जायचं नव्हतं, पण एक विचार करून ती गेली. चार-पाचशे माणसांसमोर तिनं सरळ सांगून टाकलं. माझी जाऊ उपाशी होती, तिनं ज्वारी मागितली, मी प्रार्थना दिली आणि ती मेली. मला बोलता येतं, मला बरं करता येतं, पण मला समोरचं माणूस दिसत नव्हतं. माझ्यात माया नव्हती. माया नसली तर हे सगळं नुसतं तोंड वाजवणं आहे. असं म्हणून ती खाली बसली. तिला वाटलं होतं, कुणीतरी उठून तिला बोल लावील. दगड मारतील असंही वाटलं होतं. सगळा मांडव एका आवाजात 'आमेन' म्हणाला. बायका रडत पुढं आल्या आणि तिच्या पाया पडायला लागल्या. कबुलीचंही दान झालं.

परत येताना एस.टी.त ती खिडकीशी बसून होती. पाळकसाहेब फार खूश होते.

भिंतीपलीकडं पोरगी मोठी होत होती. जोतिबा दोर वळताना तिला सोबत न्यायचा, ती वाखाच्या ढिगावर बसून बडबडायची. राहीबाईनं झंपर शिवून पाठवला, जोतिबानं घेतला, पोरीला घातला. तो दुष्ट नव्हता. बोलायचाही, कामापुरतं. पण त्या उंबऱ्याच्या आत ये, असं तो कधी म्हणाला नाही आणि राहीबाई कधी गेली नाही. अंगणात पोर समोर आली की राहीबाई थांबायची. पोर पळून जायची. लाजते, असं राहीबाई स्वतःला सांगत राहिली. तिला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. त्या पोरीनं एकदा जवळ यावं.

सत्त्याहत्तरच्या भादव्यात करुणाला ताप आला. अंबूबाई वर्षापूर्वी वारली होती. ओढ्याला पाणी आलेलं, पोरीला खांद्यावर घेऊन उतरणं धोक्याचं होतं. जोतिबानं एकट्यानंच तासगावला जाऊन औषध आणायचं ठरवलं, आणि मग तो राहीबाईच्या दारात येऊन उभा राहिला. साडेचार वर्षांत पहिल्यांदा.

"पोरीपाशी बस," तो म्हणाला. "कापाड भिजवून कपाळावर ठेव. मी सांजच्या आत येतो."

तिनं भांड्यात पाणी घेतलं, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि ती त्या घरात गेली. कोपऱ्यात शालूबाईचं जातं होतं. पोर वाकळेवर पडली होती, तोंड लाल झालेलं. राहीबाई शेजारी बसली. पट्टी पिळून कपाळावर ठेवली, तशी पोरीनं डोळे उघडले आणि कोण बसलंय ते बघून ती अंग ओढून भिंतीला जाऊन चिकटली.

"थोरली आय, तू परारथना करू नगंस," ती म्हणाली.

"न्हाई करत, बाळा."

"व्हट हालवू नगंस."

"न्हाई हालवत."

"आयसाठी तू परारथना केलीस आन् आय मेली. शाळंत समदी म्हनत्यात."

राहीबाई म्हणाली, "व्हय." 

ताप चढत होता. तिनं पेला पुढं केला, पोरीनं घेतला नाही. तो खाली ठेवून ती हातभर मागं सरकली, तेव्हा पोरीनं तो उचलून पाणी प्यायलं. पट्टी मात्र ठेवू देईना. राहीबाईनं ती भिजवून तिच्या हातात दिली, पोरीनं आपली आपण कपाळावर ठेवली. राहीबाईच्या गळ्याशी शब्द येत होते. आठ वर्षांची सवय ती, तापलेलं अंग दिसलं की तळवे आपोआप गरम व्हायचे. या एका पोरीला बरं करण्यासाठी तिनं बाकी सगळं दान फेकून दिलं असतं. तिनं हात मांडीखाली दाबून धरले आणि दात आवळून ती बसून राहिली.

बाहेर ओढ्याचा आवाज येत होता. पोरीच्या पापण्या तापानं जड झाल्या होत्या, त्या मिटायला लागल्या की ती दचकून पुन्हा उघडायची. थोरल्या आईचे ओठ हलत नाहीत ना, हे ती जोतिबा येईपर्यंत टक लावून बघत राहिली.